ई-इनव्हॉइस सॉफ्टवेअर, अकरा महिन्यांनंतर: ४२५ की ४५२?

रात्रीचे साडेआठ. भरलेला ट्रक गेटवर उभा. अंमळनेरकडचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी केबिनमध्ये डोकावतोय, "भाऊ, बिल कोठे शे?" आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: पिनकोड राज्याशी जुळत नाही.

आमचा जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचा कारखाना. १ ऑगस्ट २०२३ ला जीएसटीच्या ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेण्याच्या सक्तीची, उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली, तेव्हापासून आम्ही यात. आधी मुनीमकाका सरकारी पोर्टलवर फुकटात काम भागवायचे. हे सॉफ्टवेअर विकत घेतलं ते इंदूरच्या गिऱ्हाइकापायी. त्यांना पीडीएफ नको, बिल पीओ (खरेदी ऑर्डर) नंबरासकट थेट त्यांच्या सिस्टिममध्ये हवं.

आता दुखणं. जळगावचा पिन ४२५ ने सुरू होतो, इंदूरचा ४५२ ने. माल थेट साइटवर उतरतो, म्हणून पत्ता दर वेळी नवा, आणि काकांचा हात सवयीनं ४२५ वरच पडतो. पोर्टल नाकारतं, ते बरोबरच. पण नाकारलेल्या प्रत्येक प्रयत्नाला हे सॉफ्टवेअरवाले एक क्रेडिट, म्हणजे आगाऊ विकत घेतलेल्या बिलांतलं एक, कापतात! राज्याच्या रकान्यात मध्य प्रदेश, कोड २३, आणि पिन महाराष्ट्राचा. एवढं पाठवण्याआधी तपासता येत नाही? ६१ क्रेडिटं गेली. रुपयांत धरली तर दोन-चार प्लेट शेवभाजी. पण मी सगळी तारीखवार वहीत लिहिलीत. हेल्पलाइनच्या पोराला वाचून दाखवली, तर म्हणतो, "सर, पिन नीट टाका."

बिल नंबर शून्यानं सुरू झालेला चालत नाही, २४ तासांत रद्द केलं तरी तो नंबर पुन्हा वापरता येत नाही. हे नियम सरकारचे, यांच्यावर राग नाही.

इथवर गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं, एकच स्टार देऊन. काल इंदूरचं पेमेंट आलं, मुदतीच्या नऊ दिवस आधी. फोन केला तर त्यांचा अकाउंटंट म्हणाला, बिल पीओशी आपोआप जुळतं, टाइप करायला कुणी बसत नाही. "बिल मिळालंच नाही" हे वाक्य या अकरा महिन्यांत एकदाही ऐकलं नाही, हेही तेव्हाच ध्यानात आलं. पूर्वी त्याच वाक्यावर महिना जायचा.

म्हणून तीन स्टार. रिन्यूअलचा मेसेज आलाय. उत्तर पाठवलं: आधी ६१ परत. काकांच्या कीबोर्डवर मात्र मी ४५२ ची चिठ्ठी चिकटवलीय.