४८ व्होल्ट पॅकसाठी रेडिमेड सॉफ्ट स्टार्ट स्विच, ५ पैकी २.५

इलेक्ट्रिक सायकलच्या १३ सिरीज (ओळीने १३ सेल जोडलेल्या) लिथियम बॅटरी पॅकला लावायला ऑनलाइन एक सॉफ्ट स्टार्ट स्विच (करंट एकदम न सोडता हळूहळू सोडणारा) मागवला, दोन बोटांएवढा बोर्ड, वरून हीट श्रिंक, कंपनीचं नाव कुठेच नाही आणि लिस्टिंगमध्ये छातीठोकपणे '१२० अँपिअर'. आधी चांगलं सांगतो, ठिणगी बंद झाली. फुल चार्ज पॅक ५४.६ व्होल्टचा, मोटरच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे, त्यामुळे कनेक्टर जोडला की टाक् आवाज आणि पिनवर काळा डाग, ते आता होत नाही. बटणपण बरंय.

पण १२० अँपिअर विसरा. हीट श्रिंक कापलं तर आत चार मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) पॅरेललला आणि चौघांचे नंबर घासून काढलेले, म्हणजे डेटाशीट बघायची सोयच ठेवली नाही. करंट नेणाऱ्या तांब्याच्या ट्रॅकवर सोल्डरचा जाड थरसुद्धा नाही. २० अँपिअरला कोमट होतो, त्याच्या वर मी तरी नेणार नाही.

खरी गोम गेटमध्ये, म्हणजे मॉस्फेट उघडणाऱ्या पिनमध्ये आहे. गेट हळू चढवलाय, त्या वेळात मॉस्फेट अर्धवट उघडा असतो आणि कपॅसिटरमध्ये जेवढी एनर्जी साठते साधारण तेवढीच मॉस्फेटमध्ये उष्णता होऊन जाते. १००० मायक्रोफॅरॅडला दीड ज्यूल, किरकोळ आहे. पण तेव्हाच थ्रॉटल पिळलेला असेल तर गेलं, कारण अर्धवट उघडे असताना चौघं भार सारखा वाटून घेत नाहीत, ज्याचा थ्रेशोल्ड (उघडायला लागणारा गेटचा व्होल्टेज) कमी तो बिचारा एकटाच झेलतो. आणि मॉस्फेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे बटण बंद आणि गाडी चालू! बोर्डवर फ्यूज नाही, लिस्टिंगमध्ये त्याचा उल्लेखही नाही. फ्यूज स्वतः लावा, हे ऑप्शनल नाही.

शेवटी घरीच केला. निगेटिव्ह लाइनला एकच आयआरएफबी ४११० मॉस्फेट, १०० व्होल्टचा, ऑन रेझिस्टन्स ४ मिलिओहमच्या आसपास, २० अँपिअरला दीड-पावणेदोन वॉट, छोटा हीटसिंक पुरतो. गेटला १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) हवाच, २० व्होल्टच्या वर गेट खलास. गेटला त्या १२ व्होल्टवरून १०० किलोओहममधून सप्लाय, ड्रेन (लोडकडची पिन) आणि गेटमध्ये १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, त्याने आउटपुट साधारण ६०-६५ मिलिसेकंदात सरळ चढतो आणि इनरश (चालू करतानाचा करंटचा लोंढा) १ अँपिअरच्या आत राहतो. आता गंमत बघा, स्विच बंद असताना लोड जोडला की ड्रेन एकदम ५४ व्होल्टला उडी मारतो आणि हाच कपॅसिटर गेटला ढकलून मॉस्फेट क्षणभर ऑन करतो, म्हणजे ठिणगी परत हजर. म्हणून गेट आणि सोर्समध्ये (सोर्स म्हणजे बॅटरीकडची पिन) ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावायचा, मग धक्का व्होल्ट-सव्वा व्होल्टवरच थांबतो. बंद करताना मात्र गेट १०० ओहममधून सोर्सला खेचा.

पार्ट पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, पण ४११० चे डुप्लिकेट सगळीकडे फिरतात, कंपोनंट टेस्टरवर गेटची कपॅसिटन्स बघून घ्या, ९-१० नॅनोफॅरॅडपेक्षा फारच कमी आली तर आत डाय (सिलिकॉनचा तुकडा) छोटा आहे, परत करा.

ज्यांना बटण नकोच, फक्त ठिणगी नकोय, त्यांनी ना हा बोर्ड घ्यावा ना माझी झंझट करावी. एक्सटी ९० एस कनेक्टर घ्या, आत ५.६ ओहमचा रेझिस्टर असतो, जोडताना जरा अर्ध्यावर थांबवून मग पूर्ण दाबायचा, झालं काम.