‘नायट्रो’चे पैसे घेतले, मारलं पीयू

गिटारच्या पट्ट्याचं बटण बदलायला स्क्रू फिरवला आणि त्याच्याभोवतीच्या पॉलिशचा नखाएवढा टवका उडाला. काचेसारखा पारदर्शक, पोस्टकार्डापेक्षा जाड. खालचं लाकूड कोरडं, जणू त्याला कधी काही लागलंच नव्हतं. सहा महिने मी ज्याला नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे थोडक्यात ‘नायट्रो’, समजत होतो ते दुसरंच काही आहे, हे तेव्हा कळलं.

ही गिटार मी स्वतः घडवली आहे. मिरजेत सतार-तंबोऱ्याला तूनचं लाकूड वापरतात. तिथल्या एका कारागिरांनी त्यांच्याकडची जुनी, चांगली मुरलेली फळी मला दिली. तून महोगनीच्याच कुळातलं, तांबूस, हलकं. कापणं, घासणं सगळं घरी केलं. राहिला फक्त स्प्रे, कारण माझ्याकडे ना कॉम्प्रेसर, ना गन.

नायट्रोच हवं होतं, आणि त्याला कारण होतं. नायट्रोचा नवा कोट खालच्या कोटला थोडा विरघळवतो आणि सगळे कोट मिळून एकच पातळ थर होतो. पुढे ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हार्डनर घालून कडक होतं. एकदा बसलं की नवा कोट त्यात मिसळत नाही.

स्प्रेच्या कामाचे फोटो पाहून ज्याच्याकडे गेलो तो माणूस बोलायला अतिशय नम्र. ‘‘सर, बारा कोट बसणार. मग चार आठवडे वाळवण. नायट्रोला घाई चालत नाही.’’ यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मी फसलो तो याच खऱ्या माहितीने. मी जे वाचून आलो होतो तेच तो मला ऐकवत होता. त्याच्याकडे पीयूचा दर साडेपाच हजार आणि नायट्रोचा चौदा हजार. डबा परदेशातून मागवावा लागतो म्हणून सगळे पैसे आधी घेतले. फर्निचरच्या रंगांच्या दुकानात ‘एनसी लॅकर’ म्हणून जे मिळतं ते नायट्रोसेल्युलोजच असतं, हे मला नंतर एका पॉलिशवाल्या मिस्त्रींनी सांगितलं.

जुलैभर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत राहिले. ‘आज चौथा कोट.’ ‘आज आठवा.’ मी आनंदाने घरच्यांना दाखवत होतो. आता तेच फोटो एकाखाली एक लावून पाहिले. पाचही फोटोंत बॉडीवर उन्हाचा तोच तिरपा कवडसा. त्या दिवसांत आमच्याकडे झड लागली होती आणि त्याचं दुकान माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. दमट हवेत नायट्रो मारलं तर थरात ओल अडकून पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात जो बिनधास्त ‘होईल’ म्हणतो, त्याला ही झाक कशी टाळणार ते विचारा. मी विचारलं नाही.

बॉडी हातात आली तेव्हा वासही नव्हता. ताज्या नायट्रोचा वास आठवडेच्या आठवडे जात नाही. आणि स्टँडच्या रबराने नायट्रो मऊ पडून चिकटतं म्हणून मी स्टँडला सहा महिने सुती कापड गुंडाळत होतो. आज हे लिहितानाही त्रास होतो.

टवका उडाल्यावर नेकच्या खाचेत, जिथे दिसत नाही तिथे, कापसाच्या बोळ्यावर एनसी थिनर घेऊन घासलं. नायट्रो असतं तर मऊ होऊन बोळा चिकटला असता. इथे चमकही गेली नाही. पण ही परीक्षा एकाच बाजूने पक्की आहे. थिनरने विरघळलं नाही तर ते नायट्रो नाही, हे नक्की. विरघळलं तर मात्र ते अ‍ॅक्रिलिक लॅकर किंवा लाखेचं पॉलिशही असू शकतं. म्हणून काम चालू असताना जाऊन उघडा डबा बघा. डब्यासोबत हार्डनरची वेगळी बाटली दिसली तर तिथेच थांबवा.

फोन केला तेव्हा म्हणाला, ‘‘नवीन फॉर्म्युला आहे सर, थिनरने जात नाही.’’ दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

बिलावर त्याने फक्त ‘गिटार पॉलिश’ लिहिलं होतं. तुम्ही ‘नायट्रोसेल्युलोज लॅकर’ असं पूर्ण लिहून घ्या, कोटांच्या संख्येसकट. माझ्याकडे निदान मेसेज आहेत. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर विचारून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

फळी देणाऱ्या कारागिरांकडेच गिटार नेली. पीयू थिनरने उतरत नाही, त्यामुळे ते पात्याने खरवडून काढताहेत. पाठीची एक कड थोडी बसली. वर ते स्पिरिटमधलं चपडा लाखेचं पॉलिश हाताने चढवणार आहेत, तंबोऱ्याला चढवतात तसं.

आयोगाकडची तक्रार परवा दाखल केली. सोबत पाच फोटो जोडलेत, त्या आठवड्यातल्या पावसाच्या बातमीच्या कात्रणासह.