गार्डन चालतं म्हणत पूररेषेतला प्लॉट गळ्यात मारला

पुण्याजवळच्या चिखली, मोशी, आळंदी पट्ट्यात कुणी नदीकाठचा स्वस्त प्लॉट दाखवत असेल तर इसार द्यायच्या आधी हे वाचा, जरा लांबलंय.

मी आणि मेव्हण्याने मिळून ओढा इंद्रायणीला मिळतो त्याच्या थोडं वर जागा घेतली. भाव बाजारापेक्षा जवळपास निम्मा, आणि गंमत म्हणजे एजंटने कारण लपवलंच नाही, स्वतःहून सांगितलं, "दादा, प्लॉट निळ्या पूररेषेत आहे म्हणून स्वस्त, पण टेन्शन नको, वापराला नियमातच परवानगी आहे." आणि मोबाईलवर नियमावलीचं पान उघडून दाखवलं. (निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची.)

ते पान खोटं नव्हतं, खरी गेम तिथेच आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत (युडीसीपीआर म्हणतात ती) नदीचा काठ ते निळी रेषा या निषिद्ध पट्ट्यात काय चालतं त्याची यादी आहेच. पार्किंग, बाग, मोकळी जागा, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प, पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय, असलं. पण एवढं सोडून दुसरं काहीच बांधायचं नाही, हे त्याच कलमात लिहिलंय, आणि नेमकं तेवढंच त्याने अंगठ्याने स्क्रीनच्या वर सरकवून ठेवलेलं. "गार्डन चालतं ना? मग माळ्याला खोली नको का? ती खोली म्हणजेच तुमचं फार्महाऊस!" हा त्याचा डायलॉग. कंटेनर हाऊसला पाया नसतो म्हणून ते बांधकामात धरत नाहीत, हा दुसरा. जुनं अधिकृत घर असेल तर जलसंपदा विभागाच्या एनओसीवर लाल रेषेच्या 0.45 मीटर वर पुन्हा बांधता येतं, ती सवलत पण या बाबाने आमच्या रिकाम्या जमिनीला चिकटवली.

एजंटने निळी-लाल दोन्ही रेषा "कागदावरच्या" ठरवल्या. जागा दाखवली ऐन मे महिन्यात, ओढा ठणठणीत कोरडा. खरेदीखत झाल्यावर शेजारच्या शेतातल्या तात्यांनी बाभळीकडे बोट केलं, फांद्यांना माझ्या डोक्याच्या वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाळका पाला अडकलेला, म्हणाले पाणी तिथवर येतं, हे दर दोन-चार वर्षांचंच आहे.

खरेदीखत पण सामाईक, तुकडेबंदीतून (शेतजमिनीचे ठरावीक मापापेक्षा छोटे तुकडे विकायला बंदी) वाट काढायला अनोळखी माणसं एकत्र करून एकाच दस्तावर घेतलेली. दस्त नोंदला गेला म्हणजे सगळं क्लिअर असं तो सांगत राहिला, पण दुय्यम निबंधक स्टॅम्प ड्युटी आणि सह्या बघतो, तिथे घर बांधता येईल का हे बघणं त्याचं काम नाही.

17 मे 2025 ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. पक्के, आरसीसी, लोक राहत असलेले बंगले होते हो. मी घाबरून एजंटला फोन केला तर म्हणतो, "तुमचं तर बांधकामच नाही, पडणार काय?"

त्यामुळे एजंटने दिलेली झेरॉक्स सोडा, गट नंबर घेऊन झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) स्वतः काढा, जलसंपदाच्या पूररेषेच्या नकाशावर तो गट कुठे पडतो ते बघा, आणि सरकारी मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. नकाशावर अर्धा गट रेषेबाहेर दिसला तरी तुमचा तुकडा नेमका कुठल्या अर्ध्यात ते मोजणीशिवाय कळत नाही, आमच्यातल्या दोघांना त्याने हेच करून गंडवलं. प्लॉटिंग मोठं असेल, म्हणजे 500 चौरस मीटरच्या वर आणि आठपेक्षा जास्त प्लॉट, तर महारेरा (बांधकाम-प्लॉटिंग प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी नंबर मागा, "अर्ज केलाय" चालत नाही. आणि तोंडी जे जे बोलतो ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

आमच्याकडे "फार्महाऊस पास करून देतो" अशी त्याची व्हॉइस नोट आहे, त्या जोरावर वकिलाने नोटीस पाठवली. उत्तर आलंय की जागा बागेच्या वापरासाठीच विकली होती. दस्ताच्या चौथ्या पानावर खरंच तसं टाईप केलेलं आहे.