वृत्तवाहिनीची तक्रारखिडकी: पोच लगेच, निकाल सावकाश

17 जून 2021 रोजी केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रेक्षकाने लेखी तक्रार केली की वाहिनीने 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय कळवायचा, हे नियमातच लिहिलेलं आहे. तक्रारींसाठी एक अधिकारी नेमायचा आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर ठेवायचा, हेही बंधन आहे. तरी बहुतेक प्रेक्षक अजून वाहिनीच्या फेसबुक पानावर जाऊन चार शब्द सुनावतात आणि तक्रार केल्याचं समाधान मानतात. त्या चार शब्दांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

थोडक्यात मत असं: ही व्यवस्था कागदावर आहे त्यापेक्षा कमजोर, पण लोक समजतात त्यापेक्षा बरीच कामाची आहे. फक्त तिच्याशी तिच्याच भाषेत बोलावं लागतं. ती भाषा म्हणजे तारीख, वेळ, नेमके शब्द आणि नियमाचं कलम.

पहिली अडचण खिडकी सापडण्याची. वाहिनीच्या संकेतस्थळावर ‘संपर्क’ नावाचं पान असतं आणि तिथे अभिप्रायाचा फॉर्म. तो फॉर्म टाळा. त्यात अक्षरांची मर्यादा असते, फाईल जोडता येत नाही, आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत आपल्याकडे राहत नाही. पान अगदी तळापर्यंत सरकवलं की बारीक अक्षरांत ‘तक्रार निवारण’ किंवा ‘ग्रिव्हन्स’ असा दुवा दिसतो. अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल तिथे असतं. काही ठिकाणी एकाच समूहाच्या चार वाहिन्यांसाठी एकच पत्ता असतो. म्हणून विषयाच्या ओळीतच वाहिनीचं पूर्ण नाव लिहावं, नाहीतर मराठी वाहिनीची तक्रार हिंदीच्या टेबलावर पडून राहते.

आता पत्र. ‘तुमची वाहिनी एकतर्फी आहे, काल रात्रीची चर्चा बघून संताप आला’ या पत्राला उत्तर ठरलेलं असतं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. वाहिनीला चुकवता न येणारं पत्र वेगळं दिसतं. त्यात असं असतं: ‘मंगळवारी रात्री 9.14 ते 9.21 दरम्यान चर्चेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने अमुक वाक्य दोनदा उच्चारलं. त्याच वेळी पडद्याच्या खालच्या पट्टीवर तमुक मजकूर होता. याला कोणत्याही अधिकृत यंत्रणेचा दुजोरा कार्यक्रमात दिलेला नाही. हे कार्यक्रम संहितेच्या नियम 6(1)(ड) चं उल्लंघन आहे. दुरुस्ती त्याच वेळेच्या कार्यक्रमात, तितक्याच ठळकपणे दाखवावी.’ एवढं पुरे. पान भरलं की थांबावं. तीन पानी पत्रातला सर्वांत कच्चा मुद्दा निवडून त्यालाच उत्तर देण्याची कला वाहिन्यांच्या विधी विभागाला चांगली अवगत असते.

नियम 6 ही 1994 च्या केबल नियमांतली कार्यक्रम संहिता. तिची कलमं इंग्रजी अक्षरक्रमाने आहेत, म्हणून वरचा ‘ड’ हा इंग्रजी डी समजावा. बातम्यांच्या तक्रारीत हेच कलम सर्वांत जास्त उपयोगी पडतं: अश्लील, बदनामीकारक, जाणूनबुजून केलेलं, खोटं, सूचक टोमणे आणि अर्धसत्य, हे सगळं त्यात येतं. धर्म किंवा समाजावर हल्ला असेल तर ‘सी’, हिंसेला चिथावणी असेल तर ‘ई’. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण केलं तर ‘पी’. हे कलम 2015 मध्ये आलं आणि त्यानुसार कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. सगळी कलमं एकाच पत्रात कोंबू नयेत. एक मुख्य, फार तर एक जोडीला.

पुरावा गोळा करताना सर्वांत जास्त घोळ होतो तो वेळेचा. प्रेक्षक रात्री कार्यक्रम बघतो, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर तोच शोधतो आणि तिथला मिनिट-सेकंद पत्रात लिहितो. यूट्यूबवरची फीत जाहिराती कापून, कधी काही भाग वगळून चढवलेली असते. त्यामुळे ‘12 मिनिटं 40 सेकंद’ हा आकडा प्रक्षेपणाच्या नोंदीशी जुळत नाही आणि ‘सदर वेळी असा मजकूर आढळला नाही’ असं उत्तर येतं, तेही तांत्रिकदृष्ट्या खरं. दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहाव्यात. शिवाय यूट्यूबवर किंवा संकेतस्थळावर राहिलेल्या फितीला 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात, केबलचे नव्हेत. तिथेही 24 तास आणि 15 दिवसांचंच वेळापत्रक आहे. पण तक्रार त्या नियमांचा उल्लेख करून वेगळी नोंदवलेली बरी.

पट्टीचा मजकूर काही सेकंदांत सरकतो. मोबाईलवर फोटो घेताना वाहिनीचं बोधचिन्ह आणि पडद्यावरचं घड्याळ दोन्ही चौकटीत यायला हवीत. नुसत्या पट्टीचा कापलेला फोटो ‘ही आमची पट्टी कशावरून?’ या एका प्रश्नात निकालात निघतो. चित्रफीत जोडायची तर ईमेलची मर्यादा साधारण 25 एमबी. त्यापेक्षा मोठी फाईल दुवा देऊन पाठवावी आणि दुवा सर्वांना उघडता येतो ना, ते दुसऱ्या फोनवरून तपासावं. बंद दुवा पाठवला की ‘पुरावा जोडलेला नाही’ असा शेरा बसतो.

वाहिनीची नेहमीची ढाल म्हणजे ‘ते पाहुण्याचं वैयक्तिक मत होतं’. या उत्तराची तरतूद पहिल्याच पत्रात करावी. पाहुणा काय म्हणाला ते थोडक्यात, आणि त्यानंतर सूत्रसंचालकाने काय केलं ते सविस्तर. थांबवलं का? प्रतिवाद केला का? की तोच मुद्दा उचलून पुढचा प्रश्न विचारला? तक्रार सूत्रसंचालकाच्या वागण्यावर उभी राहिली तर टिकते, पाहुण्याच्या वाक्यावर उभी राहिली तर सहसा पडते.

आता घड्याळं. इथे दोन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि बहुतेक तक्रारी यातच बुडतात. सरकारी नियमांचं घड्याळ वर सांगितलं. दुसरं आहे वृत्तवाहिन्यांच्या संघटनेचं. ज्या वाहिन्या एनबीडीए या संघटनेच्या सदस्य आहेत, त्यांच्यावरची तक्रार तिच्याच एनबीडीएसए या प्राधिकरणाकडे जाते. तिथे जायचं तर आधी वाहिनीकडे तक्रार कार्यक्रमाच्या पहिल्या प्रक्षेपणापासून 7 दिवसांच्या आत केलेली असावी लागते. पहिल्या प्रक्षेपणापासून, हे महत्त्वाचं. रविवारी दुपारचं पुनःप्रक्षेपण बघून आठवडाभराने लिहिलेलं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. वाहिनीला उत्तरासाठी 7 दिवस मिळतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर पुढच्या 14 दिवसांत प्राधिकरणाकडे जावं लागतं. सोपा उपाय म्हणजे कुठल्याही परिस्थितीत पहिलं पत्र 7 दिवसांच्या आत पाठवणं. मग दोन्ही घड्याळांत आपण बसतो. वाहिनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे ते आधी पाहावं, कारण सगळ्या वृत्तवाहिन्या एकाच छत्राखाली नाहीत.

प्रकरण न्यायालयात असेल तर प्राधिकरण हात लावत नाही. तक्रारीसोबत तसं प्रकरण प्रलंबित नसल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि ते विसरलं की कागद परत फिरतो. मराठी वाहिनीला पत्र मराठीतच लिहावं, उगाच इंग्रजी झाडू नये. पण दिल्लीत प्राधिकरणाकडे अपील करताना आक्षेपार्ह वाक्यं मूळ मराठीत देऊन खाली इंग्रजी भाषांतर जोडावं. भाषांतर करायचं काम समोरच्यावर सोडलं तर मराठीतला टोमणा तिथे साध्या विधानासारखा वाचला जातो.

निकालाची ताकद किती? एनबीडीएसए जास्तीत जास्त 1 लाख रुपये दंड लावू शकतं. मोठ्या वाहिनीच्या जाहिरातींच्या हिशेबात हा आकडा किरकोळ आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंड परिणामकारक नसल्याचं बोलून दाखवलं. तरी सगळं फुकट जातं असं नाही. फेब्रुवारी 2024 च्या आदेशांत एका हिंदी वाहिनीला 1 लाखाचा, दुसरीला 50 हजारांचा दंड झाला, तिसरीला समज मिळाली आणि संबंधित फिती काढून टाकायला सांगितलं गेलं. ते आदेश एका सामान्य नागरिकाच्या तक्रारींवरचे होते. आपल्या मते दंडापेक्षा फीत काढायचा आदेश जास्त झोंबतो, कारण कार्यक्रम एकदा दाखवून संपतो, पण फीत वर्षानुवर्षं फिरत राहते. म्हणून मागणी लिहिताना ‘कडक कारवाई करावी’ एवढ्यावर न थांबता फितीचा पूर्ण दुवा देऊन ती हटवण्याची मागणी वेगळ्या ओळीत करावी. न मागितलेलं मिळत नाही.

सरकारी वाटेने गेलात तर एक हिशेब आधीच करून ठेवा. वाहिनीच्या निर्णयाला 15 दिवस, अपिलासाठी 15 दिवस, स्वयंनियमन संस्थेला (वाहिन्यांनी स्वतःवर देखरेखीसाठी उभारलेल्या संस्थेला) निकालासाठी 60 दिवस. बेरीज 90. आणि प्रक्षेपणाचं ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवायचं वाहिनीवरचं बंधनही 90 दिवसांचंच आहे! म्हणजे प्रत्येकाने आपली मुदत शेवटच्या दिवसापर्यंत वापरली, तर निकाल लागेपर्यंत मूळ मुद्रण कायदेशीररीत्या पुसलं जाऊ शकतं. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे आणि तो पहिल्याच पत्रात जायला हवा: ‘या तक्रारीचा सर्व पातळ्यांवर अंतिम निकाल लागेपर्यंत सदर प्रक्षेपणाचं मुद्रण जतन करावं.’ नंतर वाहिनीने ‘मुद्रण उपलब्ध नाही’ म्हटलंच, तर हे वाक्य तिच्याच अंगाशी येतं.

गुण द्यायचे तर पहिल्या पायरीला, म्हणजे वाहिनीला, पाचपैकी तीन. पोच येते, उत्तर बहुधा साचेबंद असतं, पण अपिलासाठी ते साचेबंद उत्तरही उपयोगी पडतं. दुसऱ्या पायरीला, म्हणजे स्वयंनियमन संस्थेला, अडीच: सुनावणी होते, कारणं लिहिलेला आदेश निघतो, वेळ मात्र लागतो. तिसरी पायरी केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेची, तिथे 15 दिवसांत अपील. तिला एक. खासगी वाहिनीविरुद्धचा निवाडा सरकारच्या आंतरविभागीय समितीने करणं ही रचनाच खटकते; आणि बातमी सरकारच्या बाजूने झुकल्याची तक्रार असेल तर सरकारकडेच दाद मागण्यात काय अर्थ, हा प्रश्न उरतोच.

दूरदर्शनची गोष्ट वेगळी. तिथे केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरून तक्रार केलेली बरी. नोंदणी क्रमांक मिळतो, 2024 पासून निपटाऱ्याची मुदत 21 दिवस आहे, आणि तक्रार बंद झाल्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. खासगी वाहिनीवर न चालणारं हत्यारही इथे चालतं: 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात ‘असं का दाखवलंत?’ असं विचारू नये, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा लिहिला, त्याची प्रत द्या’ असं मागावं. पडून राहिलेली फाईल हलते ती अशा अर्जाने.

संसद टीव्हीला पाठवलेली बरीच पत्रं मुळात चुकीच्या दारावर जातात. लोकसभा आणि राज्यसभा या दोन वाहिन्या एकत्र होऊन 15 सप्टेंबर 2021 रोजी ही वाहिनी सुरू झाली. आमच्या खासदाराचा माईक बंद केला, गोंधळाच्या वेळी कॅमेरा पीठासीन अधिकाऱ्यावरच ठेवला, भाषणातलं वाक्य नंतर गायब झालं, या तक्रारी वाहिनीच्या संपादकाच्या हातातल्या नाहीत. कामकाजातून शब्द वगळण्याचा अधिकार लोकसभेत नियम 380 खाली अध्यक्षांचा आहे, राज्यसभेत नियम 261 खाली सभापतींचा. वगळलेला भाग मग संग्रहातही मिळत नाही. वाहिनीला लिहावं ते तिच्या हातातल्या गोष्टींबद्दल: चर्चेच्या कार्यक्रमातली चूक, चुकीचं नाव किंवा मतदारसंघ, संग्रहात न सापडणारी फीत. फीत मागताना सभागृह, तारीख आणि कामकाजाचा भाग लिहावा. नुसतं ‘प्रश्नोत्तराचा तास’ पुरत नाही, कारण लोकसभेत तो सकाळी 11 ला असतो आणि राज्यसभेत 2014 पासून दुपारी 12 ला.

कागदी पत्र अजून चालतं, आणि काही वेळा ईमेलपेक्षा जड पडतं, कारण ते कुणालातरी सही करून घ्यावं लागतं. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आता नेमलेल्या व्यक्तीच्याच हाती पत्र द्यायचं असेल तर काउंटरवर ‘नोंदणी’ची जादा सुविधा मागून घ्यावी लागते. पावतीवरचा क्रमांक ईमेलमध्येही लिहावा आणि ईमेलची तारीख पत्रात, म्हणजे दोन्ही एकाच तक्रारीच्या प्रती ठरतात. नाहीतर वाहिनी शेवटी पोचलेल्या प्रतीपासून 15 दिवस मोजायला लागते.