पदवीचे महाविद्यालय निवडताना : राष्ट्रीय क्रमवारी की धर्मसंस्थेचे सेवाव्रत?

बारावीचा निकाल लागला की घरात दोन याद्यांची चर्चा सुरू होते. पहिली यादी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीची, म्हणजे 'एनआयआरएफ'ची असते आणि ती 2016 पासून प्रसिद्ध होत आहे. दुसरी कोठेच छापलेली नसते. तीत जेझुइट (कॅथलिक ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक संघ), रामकृष्ण मिशन किंवा मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांची नावे असतात आणि 'तिथे गरिबाच्या पोराला सांभाळून घेतात' एवढाच शेरा असतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीला जात आहे, त्या घराने कोणत्या यादीवर किती भिस्त ठेवावी, हे येथे पाहायचे आहे.

क्रमवारी अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, विद्यार्थ्यांचे निकाल व नोकऱ्या, सर्वसमावेशकता आणि संस्थेविषयीचे मत अशा पाच अंगांनी गुण देते. यांपैकी सर्वसमावेशकतेचा वाटा, गेली अनेक वर्षे चालत आलेल्या रचनेत, एकूण गुणांच्या 10 टक्के आहे. त्या अंगाच्या 100 गुणांपैकी 30 गुण परराज्यांतून व परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर, 30 महिलांच्या प्रमाणावर, 20 दिव्यांगांच्या सोयींवर आणि उरलेले 20 आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांवर ठरतात. हिशेब केला तर दुर्बल विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाला एकूण गुणांत जेमतेम 2 टक्के जागा मिळते आणि परराज्यातून विद्यार्थी आणण्याला त्याहून अधिक. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात आसपासच्या पाड्यांवरील मुलांना शिकवणारे महाविद्यालय ज्या कारणासाठी तेथे उभे आहे, त्याच कारणाने 'सर्वसमावेशकते'त मागे पडू शकते. ही विसंगती मला तरी किरकोळ वाटत नाही.

दिव्यांगांच्या सोयींचेही तसेच आहे. क्रमवारीच्या अर्जात उद्वाहक (लिफ्ट) किंवा उतार आहे काय, चाकाची खुर्ची व ने-आणीची सोय आहे काय आणि वेगळी स्वच्छतागृहे आहेत काय, असे विचारले जाते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र सुरू झाले आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीवर तेथे काम होऊ लागले. पाठ्यपुस्तक स्वतःचे स्वतः वाचता येणे ही अशा विद्यार्थ्याची खरी गरज असते. वरच्या तीन प्रश्नांत तिला कोठेही जागा नाही.

म्हणून क्रमवारी टाकाऊ ठरत नाही. ज्याला पुढे संशोधनाकडे वळायचे आहे, त्याच्यासाठी प्रयोगशाळा, पीएच.डी. झालेले प्राध्यापक आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण या गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्या ती बऱ्यापैकी मोजते. शिवाय वरचा क्रमांक आणि सेवाव्रत यांचे वैर असतेच असेही नाही. 1925 मध्ये जेझुइटांनी स्थापन केलेले चेन्नईचे लोयोला महाविद्यालय 2017 च्या क्रमवारीत देशात दुसरे आले होते. मात्र महाविद्यालयांना या क्रमवारीत भाग घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे महाविद्यालय कमअस्सल, असे धरून चालू नये.

आता दुसऱ्या यादीची झाडाझडती. 'वंचितांसाठी शिक्षण' हे शब्द माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायला काहीच खर्च येत नाही. 1973 मध्ये जेझुइट संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे, आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवले काय, असा प्रश्न उभा केला आणि प्रामाणिक उत्तर नकारार्थी असल्याचे सांगितले. संघाच्या प्रमुखानेच एवढी कबुली दिलेली असताना पालकाने डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्यात कायद्याची एक बाजू आहे. खासगी शिक्षणसंस्थांतही मागास घटकांसाठी प्रवेशात राखीव जागांसारखी विशेष तरतूद करू देणाऱ्या, 93व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 15(5) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत, त्यामुळे राखीव जागांबाबत अशा महाविद्यालयाचे प्रवेशनियम इतरांपेक्षा वेगळे असू शकतात. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याने ते अर्ज भरण्याआधीच वाचावेत.

गंमत म्हणजे सेवाव्रत तपासण्याचे उत्तम साधन क्रमवारीनेच पुरवले आहे. भाग घेणाऱ्या महाविद्यालयांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तीत संपूर्ण शिक्षणशुल्काची भरपाई किती विद्यार्थ्यांना शासनाकडून मिळाली, किती जणांना संस्थेच्या स्वतःच्या निधीतून, किती जणांना खासगी देणगीतून आणि किती जणांना मिळालीच नाही, असे वेगवेगळे आकडे असतात. शासनाची शिष्यवृत्ती पात्र विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी मिळू शकते. व्रताचा पुरावा संस्थेच्या निधीच्या रकान्यात सापडतो. तो रकाना दोन-तीन वर्षे शून्यावर असेल, तर माहितीपुस्तिकेतील शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

शेवटी फी. एकाच महाविद्यालयात अनुदानित बी.ए. आणि विनाअनुदानित बी.एम.एस. (व्यवस्थापनाची पदवी) यांच्या शुल्कात मोठी तफावत असू शकते आणि दोन्हींवर महाविद्यालयाचा क्रमांक तोच असतो. घरची शिल्लक बेताची असेल, इंग्रजीतून शिकण्याची सवय नसेल आणि वसतिगृहाशिवाय शिकणे अशक्य असेल, तर मी संस्थेच्या निधीचा रकाना भरलेले, अनुदानित तुकडी असलेले महाविद्यालय पन्नास क्रमांक खाली असले तरी निवडेन. घरची स्थिती बरी असेल आणि विषय विज्ञानाचा असेल, तर क्रमवारीकडे अधिक झुकेन. दोन्ही प्रसंगी प्रवेश पक्का करण्यापूर्वी कार्यालयात विचारावे की महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून, शिष्यवृत्ती यायला उशीर झाला, तर तोवर फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देतात का, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.