पिस्तुलाचा चाप: घरी उघडावा, किट बसवावं की कारागिराकडे द्यावा?

कुडीची फिरकी जमिनीवर पडली की घरात काय होतं ते सांगायला नको. "कुणी हलू नका!" अशी आरोळी येते आणि सगळे रांगायला लागतात. सीझेड ७५ बी या पिस्तुलात, चाप ओढल्यावर फायरिंग पिनचा (गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईचा) अडसर वर उचलणारी एक पट्टी असते. तिची स्प्रिंग त्या फिरकीहूनही हलकी. शिवाय फिरकी निदान खाली पडते, ही उडते. माझी उडाली तेव्हा मी टेक्ससमधल्या घरी, जाड गालिच्याच्या खोलीत मांडीवर टॉवेल पसरून बसलो होतो. टॉवेलचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून कुणी विचारलं की "चाप हलका करायचाय, घरीच करू का?", तर चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किती कमी होईल हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, पिस्तूल कुठलं, त्यातलं काय काय उडतं आणि उडालेलं परत विकत मिळतं का.

हे सगळं अमेरिकेतलं आहे, हे आधीच सांगतो. इथे स्वतःच्या कायदेशीर पिस्तुलाची अशी दुरुस्ती बहुतेक ठिकाणी घरी करता येते, तरी आपल्या राज्याचे नियम पाहावेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या कामालाही परवाना लागतो, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं.

तीन वाटा आहेत. पहिली, आहेत तेच भाग काढून, पुसून, घासल्या जाणाऱ्या जागा चकचकीत करायच्या. दुसरी, तयार किट आणून जुने भाग बदलायचे. तिसरी, गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे द्यायचं.

पहिल्या वाटेचं ग्लॉकवाल्यांमध्ये एक लाडकं नाव आहे, 'पंचवीस सेंटचं ट्रिगर जॉब'. कापसाची काडी, पॉलिशची पेस्ट आणि एक संध्याकाळ. ग्लॉक हे त्यासाठी सगळ्यात सोशिक पिस्तूल. सगळे मिळून चौतीसच्या आसपास भाग, आणि जवळजवळ सगळं एका बारीक पंचने, म्हणजे पिना ठोकून काढायच्या सळईने सुटतं. मूळ चाप साधारण अडीच किलोचा. पॉलिशने वजनात फारसा फरक पडत नाही, खरखर मात्र जाते. (कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळली, तिथे चापाला किमान १००० ग्रॅम वजन लागतं. तेव्हा जिंकायला चाप पिसासारखा हलका लागतो हा समज सोडून द्या.) ग्लॉकमध्ये धोक्याची जागा एकच: स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, मागची झाकणपट्टी. ती सरकवताना अंगठा ठेवला नाही, तर आतल्या स्प्रिंगा बाहेर झेपावतात. पण त्या लांबट असतात, सापडतात. नाही सापडल्या तरी भाग मुबलक आणि स्वस्त मिळतात.

१९११ ची गोष्ट वेगळी. जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलं, नाव त्यावरूनच पडलं. आतली रचना बघून हात जोडावेसे वाटतात, पण चापापर्यंत पोचायचं तर निम्मं पिस्तूल सोडवावं लागतं. अंगठ्याचा सेफ्टी खटका बाहेर आला की त्याच्यापुढच्या नळीतला प्लंजर (स्प्रिंगने ढकललेली बारीक खीळ) सुटतो. त्याच्या स्प्रिंगेला मुद्दाम एक बाक दिलेला असतो, ती नळीत अडकून राहावी म्हणून. ती वाकडी दिसते म्हणून कुणी बाक काढून टाकला, की पुढच्या वेळी प्लंजर थेट पलंगाखाली. परत जोडताना सिअर, म्हणजे घोड्याला अडवून धरणारा तुकडा, आणि त्याला लागून असलेला डिस्कनेक्टर, म्हणजे एका ओढीत एकच गोळी सुटावी म्हणून चाप आणि सिअर यांची जोड तोडणारा तुकडा, दोघांची भोकं एका रेषेत आणून पिन सरकवायची. पहिल्या खेपेला मला पाऊण तास लागला.

एस अँड डब्ल्यूचं (स्मिथ अँड वेसनचं) रिव्हॉल्व्हर असेल तर बाजूची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. स्क्रू काढून फ्रेमला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके ठोके द्या, ती आपोआप वर येते. आतल्या रिबाउंड स्लाइडची (चाप परत पुढे ढकलणाऱ्या तुकड्याची) स्प्रिंग मात्र दणदणीत आहे, ती काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता किट. मला ही वाट सगळ्यात व्यवहारी वाटते, आणि कारण चापाशी संबंधित नाही. किट बसवलं की जुने भाग हातात शिल्लक राहतात. ते डबीत, चिठ्ठी लावून. पुढे काही उडालं तर पिस्तूल अडून बसत नाही. घासण्याच्या वाटेत हा आधार नसतो. तिथे आहे तो एकच तुकडा, तो गेला की शनिवारची स्पर्धा गेली. किटचा तोटा म्हणजे त्यात बहुधा घोड्याची हलकी स्प्रिंगही येते. चाप हलका होतो, पण घोडाही हळू आपटतो. कडक प्रायमरची (बुडाच्या पेटत्या टोपीची) गोळी मग नुसती 'टक्' करून गप्प बसते. रेंजवर ते चालून जाईल. घरच्या संरक्षणाला ठेवलेल्या पिस्तुलात ती स्प्रिंग मूळचीच राहू द्या.

गनस्मिथकडे एका कामासाठी तरी जावंच, ते म्हणजे सिअर आणि घोडा जिथे एकमेकांना धरतात त्या कडा. त्यांच्यावरचा कठीण थर पातळ असतो आणि कोन नेमका लागतो. कानस किंवा दगड हातात धरून तिथे जाऊ नका. कोन बिघडला तर घोडा आपोआप सुटू शकतो, किंवा एकदा चाप ओढून दोन गोळ्या जातात. ती जिवाशी गाठ आहेच, शिवाय एका ओढीत एकाहून जास्त गोळ्या झाडणारं हत्यार इथल्या संघीय कायद्यात मशीनगन ठरतं. कारागीर पैसे घेतो, कित्येक आठवडे पिस्तूल ठेवून घेतो. पण स्प्रिंग हरवली तर ती शोधणं त्याच्या माथी.

घरीच करायचं ठरलं, तर मॅगझीन काढा, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग मोठी पारदर्शक पिशवी घ्या आणि दोन्ही हात आत घालून स्प्रिंगवाली पिन काढा. चुंबकी वाटी लोक आवडीने विकत घेतात. ती काढलेले भाग सांभाळते, उडालेले पकडत नाही. उडालंच तर धडपडून उठू नका. दिवे मालवा, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाका, बारक्या वस्तूचीही लांब सावली पडते. गालिचा असेल तर व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ पायमोजा बांधून फिरवा.

माझं मत: ग्लॉक असेल तर बिनधास्त घरी. सीझेड असेल तर किट घ्या, पण ती चिमुकली स्प्रिंग आधी दोन जास्तीच्या मागवून मगच पिना ठोका. १९११ असेल आणि पूर्वी कधी उघडलं नसेल, तर पहिल्यांदा कारागिराकडे द्या आणि शेजारी बसून बघू देतो का विचारा.

माझ्या स्प्रिंगेपेक्षा तिचा टपालखर्च जास्त पडला. नवी बसवली, आणि दहा दिवसांनी जुनी कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीत मिळाली, पँटच्या दुमडीतून गेली असणार. एक पाय वाकडा झालाय. तिला वेगळ्या डबीत ठेवलीय, पिस्तुलात पुन्हा घालणार नाही.