माती कसणं: बागेतलं काम की शिक्षा?
शेती ही देवाची शिक्षा आहे का, असा प्रश्न निघाला की बरेच जण थेट बायबलच्या उत्पत्ति या पहिल्या पुस्तकातल्या ३:१७-१९ (अध्याय ३, ओवी १७-१९) वर येतात, आदामाचं (देवाने घडवलेल्या पहिल्या माणसाचं) चुकलं, भूमीला शाप, काटेकुसळं, घाम गाळून भाकर, म्हणजे शेती ही शिक्षाच. पण २:१५ आधी वाचा ना, तिथे पाप व्हायच्या आधीच देव त्याला एदेन बागेत मशागत आणि राखण करायला ठेवतो, म्हणजे काम आधीचं, कष्ट नंतरचे, आणि शाप पण जमिनीला आहे, कामाला नाही (हे लोक हमखास विसरतात). काइनाचं (भावाचा खून करणाऱ्या आदामाच्या मुलाचं) प्रकरण मात्र जड आहे, ४:१२ मध्ये शिक्षा म्हणून जमीन त्याला पीकच देणार नाही. तरी मला पहिली, म्हणजे 'बागेतलं काम' हीच बाजू पटते, कारण बायबलच्याच यशया या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात नांगरणी-पेरणीची अक्कल शेतकऱ्याला देवच शिकवतो आणि लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तर ७व्या वर्षी जमिनीलाही सुट्टी आहे.